सफरचंदाचा मांडा

मांडे हे पक्वान्न ताटात वाढले जाते त्यापेक्षा मनातच अधिक खाल्ले जाते. ‘मनातले मांडे’ हा वाक्प्रचार प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असतो. प्रत्यक्ष मांडा पाहिलेले मात्र वर्गात दोन-चारच निघतात. आमच्याही मनात असा एक मांडा होता, पण तो जर्मन भाषिकांचा! महाविद्यालयात जर्मन शिकत असता ‘आपफेलस्ट्रुडेल’ हा शब्द आमच्या वाचनात आला. आपफेल म्हणजे सफरचंद आणि स्ट्रुडेल म्हणजे पाण्यातील भोवरा. सफरचंदाचे सारण भरून केलेली ही वळकटी कापली, की आत भोवरा दिसतो. ऑस्ट्रियाच्या राजधानीत, व्हिएन्ना येथील ग्रंथालयात, स्ट्रुडेलची १६९६ सालची हस्तलिखित कृती जपून ठेवलेली आहे.

देवास येथे शिक्षकी पेशानिमित्त राहत असता हा मांडा मनातून मेजावर आणावा, असे आम्ही ठरविले. आमची मायबोली कोकणी; आमच्या घरचे पक्वान्न म्हणजे हळदीच्या पानातल्या पातोळ्या. कणीक ताणण्याची विद्या आम्हांस कोठून असणार? ती होती आमच्या घरमालकिणीच्या सासूबाईंपाशी. अठराव्या शतकात पवारांच्या मागोमाग धार-देवासकडे जी मराठी घराणी आली, त्यांपैकी त्यांचे एक. आजींच्या हातचे मांडे एकेकाळी लग्नघरी नावाजलेले. परंतु कित्येक वर्षे त्यांचे खापर माळ्यावर पडून होते. “आता कोण खातंय, मास्तर? आणि शिकायला तरी कोण बसतंय?” असे त्या म्हणत.

आम्ही कृती वाचून दाखविली. पाव किलो मैदा, चिमूटभर मीठ, दोन चमचे तेल, थोडा लिंबाचा रस आणि सुमारे १२५ मिलिलिटर कोमट पाणी. माळव्याचा कठिया गहू बाफल्यांना उत्तम. पण त्याची कणीक ताणली तर लांबत नाही, तुटते. म्हणून मैदाच हवा, हे आजींनी आधीच सांगितले. दहा मिनिटे मळून गोळा तासभर झाकून ठेवला. मळताना पिठातील प्रथिनांचे जाळे तयार होते. ते प्रथम आवळलेले असते आणि विश्रांतीने सैल पडते. आजींच्या भाषेत, “कणकेला निजू द्यावं.”

मेजावर स्वच्छ धोतर अंथरून त्यावर पीठ भुरभुरविले. आजींनी बोटातील अंगठी काढली, हाताच्या मुठी कणकेखाली घातल्या आणि नववीत शिकणाऱ्या नातीला समोर उभे केले. “नखं लावू नकोस. ओढायचं नाही, हात सरकवायचा, ती आपण होऊन येते.” पदर इतका पातळ व्हावा, की त्याखाली धरलेले पत्र वाचता यावे, असा व्हिएन्नाच्या सुगरणींचा दंडक आहे. नातीने कडेखाली कागद धरला. आजींची दृष्टी अधू झालेली. म्हणून तिनेच त्यावरील ओळ मोठ्याने वाचली. आजी काही बोलल्या नाहीत, फक्त हसल्या.

मग लोण्यात परतलेला टोस्टाचा चुरा पसरला. फळाचा रस तो शोषून घेतो, एरवी तळ ओला राहतो. त्यावर सफरचंदाच्या पातळ फोडी, साखर, मनुका व दालचिनी. धोतराचे टोक उचलताच वळकटी आपसूक गुंडाळत गेली. वरून वितळलेले लोणी लावून ती विजेच्या भट्टीत १९० अंशांवर सुमारे ४० मिनिटे भाजली. पापुद्रे कुरकुरीत सुटले.

आजींनी एक तुकडा खाऊन निर्णय दिला, “छान आहे हो, पण पुरण नाही यात!” पुढच्याच रविवारी खापर माळ्यावरून खाली आले. नातीचा पहिला मांडा फाटला, दुसराही फाटला; तिसरा साधला.

विद्यार्थिमित्रहो, दूरदेशची विद्या अवश्य शिकावी. मात्र ती शिकताना आपल्या घरच्या माळ्यावर कोणती विद्या पडून आहे, हेही एकदा पाहावे. आणि ती जाणणारे हात घरात आहेत तोवरच पाहावे.