गंजिफाची पाने

पालीच्या तिठ्यावर कोल्हापूरचा रस्ता मुंबई-गोवा महामार्गाला मिळतो. तेथून दक्षिणेकडे वळलेला प्रवासी सावंतवाडीला थांबलाच, तर बहुधा लाकडी खेळण्यांसाठी थांबतो. आम्ही गेलो ते गंजिफासाठी. १९८१ साली सिंधुदुर्ग वेगळा होईपर्यंत सावंतवाडी आमच्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती. तेव्हा ही आपुलकी काहीशी घरचीच.

गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. बाबराच्या आत्मचरित्रात १५२७ सालच्या नोंदीत त्यांचा उल्लेख येतो. आपल्याकडील दशावतारी संचात दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, एकूण १२०. मत्स्याची खूण मासा, कूर्माची कासव, परशुरामाची परशू. दिवसा रामाचा राजा ज्याच्या हाती तो डाव सुरू करतो, रात्री कृष्णाचा. पहिल्या पाच अवतारांत प्रधानाखालोखाल दश्शीचा मान, उरलेल्या पाचांत मात्र एक्क्याचा! तिघे खेळणार, कोणी कोणाचा भिडू नाही, आणि कोणती पाने होऊन गेली ते ध्यानात ठेवायचे. ज्याची स्मरणशक्ती अधू, त्याने या वाटेस जाऊ नये.

छापील बावन्न पानांचा स्वस्त जोड बाजारात आला आणि हा खेळ मागे पडला. चिंचोक्याच्या खळीने थर चिकटवून, त्यावर रंग व लाख चढवून पाने घडविणाऱ्या चितारी कुटुंबांना गिऱ्हाईक उरले नाही. सावंतवाडीचे शिवरामराजे भोसले आणि बडोद्याच्या गायकवाड घराण्यातून आलेल्या राणी सत्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ही विद्या स्वतः शिकून घेतली. पुढे १९७०च्या दशकाच्या आरंभी ‘सावंतवाडी लॅकर वेअर्स’ हा उद्योग उभा राहिला आणि राजवाड्याच्या दरबारात कारागीर रंगवायला बसले. राजेसाहेब १९९५ साली गेले, राणीसाहेब २०१८ साली. दरबारातले काम थांबले नाही.

या उद्योगाला तारले ते खेळणाऱ्यांनी नव्हे, संग्राहकांनी. मुंबईत स्थायिक झालेले कलासमीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन यांनी देशभरातून गंजिफा जमविल्या. १९८२ साली लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्यांचे प्रदर्शन भरले. अशा रसिकांमुळे कारागिराच्या हाताला काम मिळाले, हे उपकार मोठेच. परंतु जो पत्ता पिसायचा, तो मखमलीवर निजला. एका संचाला १२० चित्रे हाताने काढावी लागतात. तेव्हा किंमत हजारांत जाणारच, आणि एवढे मोल मोजून आणलेली वस्तू घामेजल्या हातांत कोण देणार?

आमच्या घरी हाच वाद झाला. निम्मे घर म्हणाले, काचेच्या कपाटात ठेवा. थोरल्या आत्याबाईंनी मात्र डबी उघडून पाने वाटायलाच घेतली. नियम शिकता शिकता पावसाळा सरला. दश्शी कुठे मोठी आणि एक्का कुठे, यावरून अबोलेही झाले. आता वराहाच्या सत्तीची कड झिजली आहे आणि नरसिंहाच्या प्रधानावर चहाचा एक डाग आहे. संग्राहक या संचाला निम्मेही मोल देणार नाही.