कसारा घाटात आमची जुनी मारुती व्हॅन

मे २०११ मधली गोष्ट. नाशिक रोडला मेहुण्यांच्या मुलीचे लग्न होते आणि आम्ही कुर्ल्याहून पहाटे पाचला निघायचे ठरवले होते. गाडी घरचीच. धाकटा भाऊ चालवणार, त्याच्या शेजारी आम्ही, मागे आई, आत्या, भावजय, आमची सौ. आणि तीन मुले. आहेराची पातेली पायाशी. आत्याचे गुडघे दुखतात, म्हणून तिला एस.टी.ने न्यायचे नाही, हे घरात आधीच ठरले होते.

ही गाडी आमच्या चार घरांनी मिळून घेतली होती. भावाची कंपनी बंद पडली, हाताला काम नव्हते. तेव्हा भिशीचे पैसे एकत्र करून ४८ हजारांना १९९८ सालची मारुती व्हॅन घेतली. भाऊ तिच्यावर मंडपवाल्यांच्या आणि केटरिंगच्या ऑर्डरी मारी. हप्त्याहप्त्याने तो चारही घरांचे पैसे फेडत होता. त्यामुळे गाडी बंद पडली की एका घराचे नव्हे, चार घरांचे तोंड उतरे.

मारुतीची ही व्हॅन १९८४ साली आली. १९८८ पासून तिचे नाव ओम्नी झाले आणि २०१९ साली तिचे उत्पादन थांबले. तीन सिलिंडरचे ७९६ सीसीचे इंजिन, चार गिअर, जोर मागच्या चाकांना, मागे पाटे. इंजिन पुढच्या सीटखाली. सीट उचलली की इंजिन समोर. ही तिची मोठी सोय, आणि उन्हाळ्यात मोठा त्रासही. इंजिन तापू लागले की काट्याच्या आधी बसणाऱ्याला कळते.

पहाटे पहिलाच अपशकुन झाला, असे आत्या म्हणाली. सेल्फ मारला तर नुसते ‘टक्’. भाऊ म्हणाला बॅटरी गेली. आम्ही म्हटले, हेडलाइट लाव आणि मग सेल्फ मार. लाइट एकदम मंद झाला. लाइट मंद झाला म्हणजे बॅटरी उतरली आहे किंवा तिच्या टोकांना करंट नीट पोचत नाही. लाइट तसाच लख्ख राहिला असता तर दोष सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत शोधावा लागला असता. बॅटरीच्या टोकांवर पांढरी-हिरवी बुरशी धरली होती. चहाच्या पातेल्यातले गरम पाणी ओतून, जुन्या टूथब्रशने घासून, पान्याने घट्ट केले, वरून व्हॅसलीन लावले. गाडी अर्ध्या सेल्फला चालू झाली. सौ. म्हणाली, चहा मात्र पुन्हा ठेवावा लागला.

ठाणे, भिवंडीचा बायपास, पडघा. ऊन चढायच्या आत शहापूर मागे पडले. तिथून पुढे रस्ता हळूहळू चढू लागतो, हे रिकाम्या गाडीत कळत नाही. नऊ माणसे भरली की तिसऱ्या गिअरमध्येच कळते. खर्डीच्या आसपास आत्या म्हणाली, “अरे, काहीतरी जळतंय. रबराचा वास येतोय.” आम्ही तिला सांगितले की पुढच्या ट्रकचे ब्रेक तापले असतील. ट्रक पुढे होताच, त्यामुळे आमचे आम्हालाही पटले.

घाटात अर्ध्यावर काटा लाल रेषेपाशी गेला. सीट बसवेना. भावाने गाडी कडेला घेतली, चाकांमागे दगड लावले, बायका-मुलांना कठड्यापासून दूर सावलीत बसवले. सावली म्हणजे एक करवंदीची जाळी. दरीपलीकडून आगगाडी चढत असल्याचा आवाज येत होता. कसाऱ्याहून इगतपुरीला चढताना गाडीला मागून ढकलायला जादा इंजिने लावतात. तिथला चढ ३७ फुटांना एक फूट आहे. मुलगा म्हणाला, “आपल्याला पण मागनं एक इंजिन लावा ना.”

रेडिएटरचे झाकण तापलेल्या गाडीत उघडू नये. आत दाबाखालचे उकळते पाणी असते, ते थेट तोंडावर येते. आमच्या ओळखीतल्या एका ड्रायव्हरची मान आणि खांदा त्यात भाजला होता. आम्ही पाऊण तास थांबलो. मग जाड फडके धरून झाकण अर्धाच वेढा फिरवले, फुस्स आवाज थांबू दिला, मग काढले. पाणी निम्म्यावर आले होते. तापलेल्या इंजिनात थंड पाणी एकदम ओतले तर हेडला तडा जाऊ शकतो, म्हणून तेही हळूहळू, इंजिन निवल्यावर.

तेवढ्यात मोटारसायकलवरून एक गॅरेजवाला आला. त्याने खाली वाकूनही न पाहता सांगितले, हेड गेले. गाडी टोचन करून खाली न्यावी लागेल, इंजिन उघडावे लागेल, १२ हजार. भाऊ मटकन खाली बसला. म्हणाला, “दादा, विकून टाकू. भंगारात जे येतील ते चौघांना वाटू.” लग्नाला जायच्या कपड्यांत रस्त्याच्या कडेला बसलेला तो अजून डोळ्यांपुढे आहे.

आम्ही काही मेकॅनिक नव्हे, बी.कॉम. झालेले कारकून. पण ऑफिसात व्हाउचर पाहिल्याशिवाय रक्कम लिहायची नाही, ही सवय लागली आहे. हेड गॅस्केट गेले असेल तर त्याच्या खुणा दिसतात. मोबिल ऑइलमध्ये पाणी शिरून ते दुधाच्या चहासारखे होते. रेडिएटर उघडा ठेवून इंजिन चालू केले की पाण्यात बुडबुडे येत राहतात. सायलेन्सरमधून पांढरा धूर थांबत नाही. ऑइलची पट्टी काढून पाहिली, ऑइल काळे पण स्वच्छ. दोन मिनिटे इंजिन चालवले, बुडबुडे नाहीत, धूर नाही. मग आम्ही गॅरेजवाल्याला विचारले, पंखा का फिरत नाही? तो म्हणाला, ते नंतर बघू. आम्ही त्याला हात जोडले.

रेडिएटरसमोर विजेचा पंखा असतो. पाणी ठरावीक तापले की थर्मो स्विच त्याला करंट देतो. सपाट रस्त्यावर वेगाने जाताना समोरचा वारा काम भागवतो, म्हणून पंखा बंद आहे हे शहापूरपर्यंत समजत नाही. घाटात गाडी मंद आणि इंजिनावर ताण, तिथे समजते. पंखा फिरत नसेल तर दोष चार जागी शोधावा: फ्यूज, वायर, स्विच किंवा मोटर. सोपा मार्ग म्हणजे बॅटरीतून पंख्याला सरळ वायर देणे. फिरला तर मोटर शाबूत. मंडपाच्या कामातली वायर आणि टेस्टर लॅम्प गाडीत पडलेलाच होता. भाऊ गाडीखाली शिरला. वायर लावली, मोटर गुणगुणली, पण फिरली नाही. त्याने काडीने पाते ढकलले तेव्हा रखडत फिरू लागली. मोटरचा बुश जाम झाला होता.

पण मोटर जाम झाली तर फ्यूज उडायला हवा होता. डॅशबोर्डखाली हात घालून फ्यूज काढला आणि आमच्या पोटात गोळा आला. फ्यूजच्या दोन पायांना तांब्याची तार गुंडाळलेली होती. ती तार आम्हीच गुंडाळली होती.

त्याचे असे झाले होते. आदल्या नोव्हेंबरात तो फ्यूज सारखा उडू लागला. तीनदा बदलला, चौथ्यांदा कंटाळून तार लावली. जाम होऊ पाहणारी मोटर जास्त करंट ओढत होती आणि फ्यूज उडून तेच सांगत होता. आम्ही त्याचे तोंड बंद केले. तार काही वितळली नाही, तिच्या मागची वायर वितळली. डॅशबोर्डमागे तीन-चार वायरींचे रबर एकमेकांना चिकटून काळे झाले होते. खर्डीपाशी आत्याला आलेला वास हाच. त्या वासाच्या हातभर खाली पेट्रोलचा पाइप, आणि मागे तीन मुले. आम्ही ते कुणाला बोललो नाही. भावाने मात्र फ्यूज हातात घेऊन उलटा-सुलटा पाहिला आणि म्हणाला, “दादा, हा पाच रुपयांना मिळतो.”

वितळलेल्या वायरींच्या जुडग्याला हात न लावता पंख्याला बाहेरून स्वतंत्र वायर दिली आणि मध्ये वायपरचा फ्यूज घातला. आकडा तोच होता, आणि मे महिन्यात वायपर कशाला लागतो. मोटरच्या बुशला दोन थेंब ऑइल दिले. पंखा फिरला. सगळे गाडीत बसले, आणि गाडी चालू होईना.

अशा वेळी घाबरून सेल्फ मारत बसू नये, बॅटरी उतरते. दोनच प्रश्न विचारावेत: करंट आहे का, पेट्रोल येते का. प्लग काढून वायरीला लावला, त्याची बाजू इंजिनाच्या लोखंडाला टेकवली, सेल्फ मारला; निळी ठिणगी पडली. मात्र हे करताना आजूबाजूला पेट्रोल सांडलेले नसावे. म्हणजे करंट आहे. कार्ब्युरेटरकडे जाणारा पेट्रोलचा पाइप हात लावू देत नव्हता. तापलेल्या पाइपात पेट्रोलची वाफ झाली की पंपाला ती ओढता येत नाही. आईच्या जुन्या लुगड्याचा तुकडा ओला करून पंपावर आणि पाइपावर ठेवला. दहा मिनिटांत गाडी चालू. दुसऱ्या गिअरमध्ये, काट्यावर डोळा ठेवून, इगतपुरीला पोचलो. हळद चुकली, लग्न सापडले.

परतताना पांडवलेणी पाहिली. आत्या खाली गाडीपाशी बसली. दहा क्रमांकाच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. त्याने विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३००० कार्षापण ठेवले: २००० महिना शेकडा एक दराने आणि १००० शेकडा पाऊण दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, फक्त व्याज भिक्षूंच्या चीवरांसाठी व इतर खर्चासाठी वापरायचे. आम्ही हिशेबाची माणसे, तिथे जरा जास्त वेळ थांबलो. आम्ही चार घरांनी होते नव्हते ते सगळे मुद्दल गाडी घेण्यात घातले आणि दुरुस्तीसाठी रुपया मागे ठेवला नाही. घसारा म्हणजे काय हे परीक्षेत लिहून पास झालो होतो. घरी आल्यावर दर घरामागे महिना ५० रुपयांचा वेगळा डबा सुरू केला.

परतीच्या अंधारात शहापूरजवळ लाइट पिवळे पडू लागले आणि बॅटरीचा लाल दिवा लागला. फॅन बेल्ट सैल पडून चिरचिरत होता. अंगठ्याने दाबल्यावर तो साधारण एक सेंटिमीटर दबावा, आमचा तिप्पट दबत होता. अल्टरनेटर सरकवून बोल्ट घट्ट केला. घरी मीटर लावून पाहिले: इंजिन बंद असताना १२.५ व्होल्ट, चालू असताना १४. बंद असताना साडेबारा आणि चालू असतानाही साडेबाराच राहिले तर बॅटरी बदलून उपयोग नसतो, चार्जिंगच होत नाही. पुष्कळ लोक याच चुकीने नवी बॅटरी घेतात.

पुढच्या शनिवारी भावाला घेऊन कुर्ल्याच्या सी.एस.टी. रोडवर गेलो. जुन्या गाड्यांचे सामान तिथे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना टांगलेले असते: दरवाजे, बंपर, आरसे, मीटर. पंख्याची जुनी मोटर मागितली. अशी मोटर दुकानातच बॅटरी लावून पाहावी. गुणगुण सरळ हवी, खरखर नको. आणि पाते हाताने फिरवून सोडले तर आपोआप दोन-तीन वेढे फिरले पाहिजे. पहिल्या दोन नाकारल्या, तिसरी घेतली. वायरिंगवाल्याकडून जळका तुकडा कापून नवा घातला. मोटर, वायर, मजुरी मिळून साडेअकराशे. १२ हजारांचे हेड ज्याने सांगितले, त्याच्यावर आम्ही रागावलो नाही. त्याच्याहून मोठी चूक आमची होती.

आता घाटाला पर्याय झाला आहे. २०२५ साली समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा सुरू झाला, बोगद्यातून गाड्या जातात. पण जुन्या ओम्नी अजून आमच्या भागात भाजी, गठ्ठे, मंडपाचे सामान वाहतात. नंतरच्या मॉडेलात कार्ब्युरेटर नाही, पेट्रोलचा पंप टाकीत असतो. चावी फिरवल्यावर मागून दोन सेकंद घूं असा आवाज आला नाही तर आधी त्याचा फ्यूज आणि रिले पाहावा. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, अशी तक्रार नेहमी येते. तो दिव्याचा दोष नसतो, पत्र्याला गंज धरून अर्थिंग सुटलेले असते. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल मिळते आणि जुने रबरी पाइप त्यासाठी बनलेले नाहीत. पाइप बोटाने दाबून भेगा पाहाव्यात, पेट्रोलचा वास आला तर गाडी चालवू नये. घरगुती गॅसचा सिलिंडर गाडीला लावणे बेकायदा आहे, आणि तो लावणारे शेजारी असतील तर त्यांना स्पष्ट सांगावे, वाईटपणा आला तरी.

गाडीची वही आम्ही अजून जपून ठेवली आहे. ऑफिसच्या जुन्या लेजरचीच, रकाने पाडलेली: तारीख, किलोमीटर, तक्रार, काय सापडले, खर्च. नोव्हेंबर २०१० च्या पानावर आमच्याच अक्षरात आहे: पंख्याचा फ्यूज वारंवार उडतो, तार लावली, खर्च रु. ००. त्याच्या खाली भावाने वेगळ्या शाईने मे २०११ ची नोंद केली आहे. वायर, मोटर, मजुरी, रु. ११५०, आणि पुढे, खर्चाच्या रकान्यातच, ‘आत्याचे ऐकावे’.