बोअरचा कागद कुठे आहे?

परवा आपल्या किनाऱ्यावर नव्या धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचा नारळ फुटला. सहा-सात जणांनी फोटो पाठवून विचारलं, "सर, टिकेल ना?" उत्तर द्यायच्या आधी एक जुनी गोष्ट सांगतो. ती माझ्याच चुकीची आहे.

२८ वर्षं मी किनाऱ्याखालची माती तपासली. संशोधन म्हटलं की मोठं काहीतरी वाटतं. प्रत्यक्षात खाडीत तराफ्यावर तिपाई उभी करायची, ६३.५ किलोचा हातोडा ७५ सेंटिमीटरवरून टाकायचा आणि नळी ३० सेंटिमीटर आत जायला किती ठोके लागतात ते वहीत लिहायचं. बऱ्यापैकी घट्ट वाळूत वीस-तीस ठोके लागतात. खाडीच्या चिकणमातीत अनेकदा शून्य लिहिलंय. हातोडा नुसता वर ठेवला तरी नळी आपली खाली चाललेली!

अशा मातीवर भराव टाकला की तो भार आधी आतलं पाणी उचलतं. पाणी हळूहळू निघून जातं तशी माती घट्ट होते. थराची जाडी दुप्पट झाली की लागणारा वेळ चौपट होतो. प्रयोगशाळेत २ सेंटिमीटरच्या नमुन्याला जे तासाभरात जमतं, त्याला १० मीटरच्या थरात अडीच लाख तास लागतात. म्हणजे साधारण माझ्या अख्ख्या नोकरीएवढा काळ. म्हणून तर बंदरांच्या भरावाखाली उभ्या निचरापट्ट्या घालतात. पाण्याला जवळची वाट मिळते आणि वर्षांचं काम महिन्यांवर येतं.

नोकरीच्या सुरुवातीला खारेपाटातल्या एका बांधाचा अहवाल माझ्याकडे आला होता. मी लिहिलं होतं, बांध दोन टप्प्यांत उचला, मध्ये एक पावसाळा जाऊ द्या. वरून निरोप आला की मार्चअखेर निधी परत जाईल, ते वाक्य काढा. मी काढलं नाही. पण त्यात 'शक्य असल्यास' हे दोन शब्द घातले. तेवढं पुरलं. बांध एका दमात उभा राहिला आणि पुढच्याच मोसमात एका उधाणाला बसला. शेजारचा चिखल फुगून वर आला होता. खांड पडली, खारं पाणी भातात शिरलं. पाहणीला गेलो तेव्हा एका म्हाताऱ्या काकांनी विचारलं, "साहेब, हे तुमच्या कागदात नव्हतं का?"

"होतं, काका," मी म्हणालो.

त्या शेतांतलं मीठ धुऊन निघायला पुढे काही पावसाळे गेले. 'शक्य असल्यास' आजही कुणाच्या अहवालात दिसलं की माझी नजर तिथेच अडकते.

आता आपल्या बंधाऱ्याकडे येतो. इथे चिखल नाही, वाळू आहे, तेव्हा रोग वेगळा. मोठे दगड थेट वाळूवर रचले तर लाट परतताना फटींमधून खालची वाळू ओढून नेते. दगड चोरीला जात नाहीत, खाली जातात. मधे भू-वस्त्राचा किंवा बारीक खडीचा गाळणथर लागतो. पायथा धुपेच्या खोलीखाली न्यावा लागतो, आणि ती खोली ठरवायला खाली काय आहे ते माहीत हवं. शिवाय बंधारा जिथे संपतो त्याच्या पुढच्या किनाऱ्याची धूप वाढते, तिथल्या माडांचं काय, हेही कुणी विचारलेलं दिसत नाही. फोटोत दगडांचे ढीग दिसतात, गाळणथराचं सामान कुठे दिसलं नाही. कदाचित नंतर येणार असेल. कंत्राटदाराला आत्ताच चोर ठरवू नका.

मी माहिती अधिकारात तीन गोष्टी मागितल्या आहेत: बोअर किती आणि कुठे घेतले, गाळणथर अंदाजपत्रकात आहे का, आणि पायथ्याची खोली किती. तीस दिवसांची मुदत आहे. उत्तर आलं की जसंच्या तसं इथेच टाकीन.

तोवर एक मदत करा. गेल्या वर्षभरात पुळणीवर बोअरची तिपाई उभी राहिलेली कुणी पाहिली असेल तर जागा आणि साधारण महिना खाली लिहा.