टाके घालण्याआधी



मागच्या महिन्यात मंदिरात स्वाध्याय आटोपल्यावर एकीने मला बाजूला घेऊन विचारलं, "वहिनी, तुमच्या ऑपरेशनची जखम एवढी लवकर कशी भरली? माझ्या जावेची दीड महिना वाहत होती." सविस्तर सांगेन, असं मी तिला म्हटलं होतं. आज सांगते. पण सुरुवात सासूबाईंच्या ऑपरेशनपासून करावी लागेल. त्यात माझी एक चूक आहे.

साल १९९१. दशलक्षण पर्व नुकतंच संपलं होतं. सासूबाईंची गर्भपिशवी काढली. मार्गशीर्षात संघाबरोबर शिखरजीला जायचं म्हणून त्यांनी पैसेही भरले होते, तेवढ्यात बरी होईन असं डॉक्टरांना विचारूनच ऑपरेशन करून घेतलं. तिसऱ्या दिवशी दुपारी त्या म्हणाल्या, "पट्टीखाली फार खाज सुटलीय गं, जरा सैल कर." मी पट्टीचा कोपरा उचलला. आत ओलसर दिसलं ते पदराने टिपलं आणि पट्टी पुन्हा दाबून बसवली. आधी हात धुतले होते का? आठवत नाही, म्हणजे धुतले नव्हतेच. महाराजांच्या आहारासाठी चौका लावताना नुसतं दाराला बोट लागलं तरी मी पुन्हा हात धुवायची. तीच मी.

सहाव्या दिवशी ताप आला. जखमेत पू झाला, दोन टाके उघडावे लागले. अडीच महिने घरी रोज ड्रेसिंग. संघ त्यांच्याविना गेला. पुढे गुडघे गेले आणि २००८ मध्ये त्या स्वतः गेल्या. शिखरजी राहिलंच. भेटायला येणाऱ्या प्रत्येकीला त्या सांगायच्या, "माझ्याच असाता वेदनीयाचा उदय, दुसऱ्या कुणाचा दोष नाही." मी शेजारी उभी राहून ऐकायची आणि चहा टाकायला आत जायची.

माझी भाची सर्जन आहे. दोन वर्षांपूर्वी तिला मी हे पहिल्यांदा सांगितलं. ती म्हणाली, "मावशी, पदरामुळेच झालं असं आज कुणी सांगू शकणार नाही, पदरामुळे झालं नाही असंही नाही. बहुतेक वेळा जंतू ऑपरेशन चालू असतानाच आत जातात, तेही पेशंटच्याच कातडीवरचे किंवा आतड्यातले. आदल्या दिवशी वस्तऱ्याने केस काढले होते का?" काढले होते. तेव्हा सगळीकडे काढायचे. वस्तऱ्याने कातडीवर डोळ्यांना न दिसणारे बारीक काप पडतात आणि तिथे जंतू घर करतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट सांगितलं, की केस वस्तऱ्याने काढू नयेत. शक्यतो काढूच नयेत, फारच आड येत असतील तर क्लिपरने कापावेत.

मी बी.कॉम. झालेली. आकडे दिसले की जीव रमतो. भाचीकडून ऐकत गेले तशी वहीत मांडत गेले.

पहिलं पान १८४७ चं. व्हिएन्नाच्या एका मोठ्या इस्पितळात बाळंतिणींचे दोन विभाग होते. एकात डॉक्टर आणि त्यांचे विद्यार्थी, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतरोगाने कितीतरी जास्त बायका दगावत. बायका हातापाया पडून सुईणींचा विभाग मागायच्या. सेमेलवाइस नावाच्या डॉक्टरने दोन्हीकडच्या मृत्यूंचा हिशेब मांडला. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीकडे येतात, हे त्याच्या ध्यानात आलं. त्याने सगळ्यांना ब्लीचिंग पावडरच्या पाण्याने हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये शंभरात अठरा मरत होत्या, जून-जुलैत हा आकडा दोनच्या आसपास आला. जंतू नावाचं काही असतं हे तेव्हा त्यालाही ठाऊक नव्हतं. नुसत्या जमाखर्चावरून त्याने ते ओळखलं.

दुसरं पान आपल्या ओळखीचं आहे, मर्यादेचं. पीठ पावसाळ्यात ३ दिवस, उन्हाळ्यात ५, हिवाळ्यात ७. गाळलेलं पाणी ४८ मिनिटं, उकळलेलं २४ तास. हे आपल्याला पाठ असतं. ऑपरेशनच्या आधी देतात त्या अँटिबायोटिकलाही अशीच मर्यादा असते. कातडीवर काप पडण्याच्या आधीच्या १२० मिनिटांच्या आत ते द्यायचं. फार लवकर दिलं तर काप पडेपर्यंत रक्तातला त्याचा जोर ओसरतो, उशिरा दिलं तर जंतू आधीच आत शिरलेले असतात. आणि ऑपरेशन झाल्यावर निव्वळ खबरदारी म्हणून तेच औषध पाच-पाच दिवस चालू ठेवायचं नाही, हेही त्याच सूचनांत आहे. "जास्त दिवस गोळ्या घेतल्या की जास्त बरं" ही आपली समजूत साफ चुकीची.

तिसरं पान मला सगळ्यात आवडलं. 'चीता' नावाचा अभ्यास, २०२२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. भारत धरून सात देश, ८१ रुग्णालयं, पोटाच्या ऑपरेशनचे १३,३०१ पेशंट. काही रुग्णालयांनी नेहमीसारखंच काम केलं. बाकीच्यांनी एकच गोष्ट वेगळी केली. पोट शिवायला घेण्याआधी सगळ्यांनी हातमोजे बदलले आणि टाके घालायला वेगळी ठेवलेली निर्जंतुक उपकरणं घेतली. बस, एवढंच. नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या १८.९ जणांची जखम चिघळली, बदलणाऱ्यांकडे १६ जणांची. फरक तीनचाच, असं कुणी म्हणेल. मी भागाकार केला. साधारण पस्तीस पेशंटमागे एक घर त्या अडीच महिन्यांतून वाचतं.

मैत्रिणींनो, हे आपण चौक्यात करतोच की! भाजी चिरलेला हात पोळीच्या पिठाला लावत नाही. काम संपत आलं की माणूस सैलावतो, तिथेच चूक होते. शास्त्रात त्यालाच प्रमाद म्हटलंय.

आणखी एक पान. 'फाल्कन' हा २०२१ चा अभ्यास, सात देशांतले ५,७८८ पेशंट. अल्कोहोलमधलं क्लोरहेक्सिडीन चांगलं की आपलं जुनं पिवळट-तपकिरी पोव्हिडोन आयोडीन? जंतुनाशक लावलेला महागडा धागा चांगला की साधा? दोन्ही प्रश्नांना उत्तर आलं, फरक नाही. वर्षं घालवून, पैसे घालवून "फरक नाही" असं छापायला प्रामाणिकपणा लागतो. आणि गरीब रुग्णालयांचा केवढा खर्च वाचला!

स्वाध्यायात मी हे बोलले तेव्हा एका ताईंनी शंका काढली, "पण जंतू मारणं ही हिंसाच ना?" प्रश्न रास्त आहे. मी विद्वान नाही, मला उमगलं ते सांगते. गृहस्थाला संकल्पी हिंसा वर्ज्य, आरंभी हिंसा पूर्ण टळत नाही. ती कमीत कमी व्हावी म्हणून यत्न करायचा. आपण पाणी गाळतो, शिळं ठेवत नाही, कारण जीव उत्पन्न होऊन मग मरण्यापेक्षा ते उत्पन्नच होऊ नयेत. जखमेचंही तसंच. आधी हात धुतले, वेळेवर एक इंजेक्शन दिलं, तर पुढे अडीच महिने असंख्य जंतू वाढवून मारत बसावं लागत नाही. माणसाचे हाल वाचतात ते वेगळंच.

गेल्या हिवाळ्यात माझ्या बेंबीच्या हर्नियाचं ऑपरेशन झालं. आदल्या संध्याकाळी मावशी वस्तरा घेऊन आल्या. मी हात जोडून म्हटलं, "सिस्टरना विचारा, क्लिपर आहे का?" सिस्टर आल्या, बघितलं आणि म्हणाल्या, गरजच नाही. सकाळी साबणाने अंघोळ केली. सर्जनना वहीतले प्रश्न विचारले. साखर किती असावी, इंजेक्शन केव्हा, शिवण्याआधी मोजे बदलता का? ते हसले. "काकू, तुम्ही नर्स होता का?" "नाही हो, बी.कॉम." त्यांनी प्रत्येक प्रश्नाचं उत्तर दिलं. घरी आल्यावर खाज मलाही सुटली. पट्टीला मी हात लावला नाही, कुणाला लावूही दिला नाही.

अशी काळजी घेऊनही एखादीची जखम चिघळेल. ते आपल्या हातात नाही, तिथे उदय म्हणावं आणि समताभाव ठेवावा. पण हात धुणं, विचारणं, वाट बघणं हे आपल्या हातात असतं. ते न करता कर्माचं नाव पुढे करणं मला आता जमत नाही.

यंदा क्षमावाणीला मी यांना पदराची गोष्ट सांगितली. इतक्या वर्षांनी. हे बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "आई जागीच होती ना तेव्हा?"

जागीच होत्या. सगळं बघत होत्या. मला हे कधी सुचलंच नव्हतं.

तुमच्या घरी कुणाचं ऑपरेशन ठरलं असेल तर हे प्रश्न कागदावर लिहून न्या, आणि विचारायला संकोच करू नका. भेटायला येणाऱ्यांना आधी बेसिन दाखवा, मग पेशंट.

उत्तम क्षमा. जय जिनेंद्र.