आधी आई, मग पिल्लं

बेळगाव-निपाणी भागात पूर्वी जातिवंत कुत्रं म्हटलं की डोळ्यांपुढं यायचं ते मुधोळचं. उंच, सडपातळ, वाऱ्यासारखं पळणारं. मुधोळ संस्थानच्या मालोजीराजे घोरपड्यांनी ही जात जोपासली आणि २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघालं. महाराष्ट्रात याच कुत्र्याला कारवान म्हणतात. आमच्या सीमाभागात माणसांचंच काय, कुत्र्याचंही नाव हद्द ओलांडली की बदलतं! पण हे रानातलं, शिकारीचं कुत्रं. निपाणीतल्या आमच्या भिंतीला भिंत लागून असलेल्या घरात ते कुठं मावणार? आमच्यासारख्यांच्या घरात आली ती लहान कुत्री.

१९९४ साली ‘हम आपके हैं कौन’ आला आणि त्यातल्या पांढऱ्याशुभ्र टफीनं आम्हा पोरांना वेड लावलं. पुढच्याच वर्षी बेळगावच्या कॅम्पात आत्याच्या शेजारी राहणाऱ्या लष्करी अधिकाऱ्याची बदली झाली आणि त्यांची दीड वर्षाची कुत्री आमच्याकडं आली. आम्ही तिला टफी म्हणायला लागलो. आजीला ते जमेना, म्हणून ती झाली तपी. सगळे तिला पामेरियन म्हणायचे. खरं तर आपल्याकडं पामेरियन म्हणून ओळखली जाणारी बहुतेक कुत्री इंडियन स्पिट्झ असतात. खरा पामेरियन जेमतेम दोन-तीन किलोंचा, आमची तपी चांगली सहा किलोंची होती.

“देवघराच्या उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं तर बघा,” असं आजीनं पहिल्याच दिवशी बजावलं होतं. तपीनं तो उंबरा कधीच ओलांडला नाही. आजीची पूजा होईपर्यंत ती बाहेर बसून राहायची. महिन्याभरात आजी आरतीनंतर तिच्यासाठी खोबऱ्याचा तुकडा बाजूला काढायला लागली.

पैदास करायची असं काही आमच्या मनात नव्हतं. गडहिंग्लजच्या एका ओळखीच्यांकडं तसाच पांढरा नर होता. “एकदा तरी तिला पिल्लं होऊ द्या,” असं त्यांनी सुचवलं. साधारण त्रेसष्ट दिवसांनी आजीच्या जुन्या लुगड्यावर चार पिल्लं जन्मली. दोन आठवड्यांच्या आत त्यांचे डोळे उघडले आणि आमची शाळेला दांडी मारायची कारणं वाढली. पिल्लं गेली कागलला, संकेश्वरला, चिकोडीला. चिकोडीच्या घरी कन्नड बोलायचे. वर्षभरानं ते पिल्लू भेटलं तेव्हा “इकडं ये” म्हटल्यावर नुसतं बघत राहिलं, “बा इल्ली” म्हटल्यावर धावत आलं.

दुसऱ्या खेपेनंतर एक व्यापारी घरी आला. जन्मतील तेवढी सगळी पिल्लं घेतो, आगाऊ पैसेही देतो म्हणाला. अट एकच, तपी जितक्यांदा माजावर येईल तितक्यांदा नर दाखवायचा. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते. बाबा तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. हंगाम संपला की घरात पैशांची ओढाताण ठरलेली. रक्कम ऐकून ते गप्प झाले. आतून आजी बाहेर आली आणि म्हणाली, “माझी नऊ झाली, पाच जगली. मला कुणी इचारलं न्हाई. हिला तरी इचारा.”

सोप्यात कुणी बोललं नाही. व्यापारी चहा पिऊन गेला, आगाऊ रक्कम परत त्याच्या खिशात गेली.

पण कुत्रीला विचारायचं कसं? बाबांनी वखारीतल्या सवयीनं वही घातली. तपीचं वजन, खाणं, लसीच्या तारखा, किती पिल्लं, कुणाकडं गेली. वर्षातून एकदाच, तेही वजन पहिल्यासारखं भरलं तरच. दोन महिन्यांच्या आत पिल्लू आईपासून तोडायचं नाही. तपी सात वर्षांची झाल्यावर बाबांनी तिच्या पानाखाली रेघ ओढली. पुढची वही तिच्या लेकीची, मनीची.

२००३ च्या सुमारास हचच्या जाहिरातीमुळं घरोघर पगची मागणी सुरू झाली. आम्हालाही खूप जणांनी सुचवलं. पण चपट्या नाकामुळं पगला श्वास घ्यायला त्रास होतो, आपल्या उन्हाळ्यात तर फारच, हे डॉक्टरांनी समजावून सांगितलं होतं. बाबांनी नाही म्हणून टाकलं.

पुढं २०१७ साली केंद्र सरकारचे श्वानपैदाशीचे नियम आले. वर्षात एकच वेत, आयुष्यात पाचाहून जास्त नाहीत, मादी किमान अठरा महिन्यांची हवी, आठ वर्षांपुढं पैदास नाही, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही, आणि पैदास करणाऱ्यानं राज्य प्राणी कल्याण मंडळाकडं नोंदणी करायची. मी ते बाबांना वाचून दाखवले. त्यांनी कपाटातून वही काढली, चष्मा लावून एकेक कलम ताडून पाहिलं आणि म्हणाले, “हे तुझ्या आजीनं वीस वर्षांपूर्वीच सांगितलेलं.” आजी तेव्हा नव्हती. आम्ही नोंदणी केली नाही, पैदास थांबवली. आता घरात मनीची नात आहे, तिचं ऑपरेशन करून घेतलंय.

बेंगळुरू-पुण्यातले मित्र मला फ्लॅटमध्ये ठेवायला लहान कुत्रं कुठं मिळेल असं विचारतात. मी त्यांना दुकानाचा पत्ता देत नाही. एवढंच सांगतो, पिल्लू बघायला जाल तेव्हा आधी त्याची आई दाखवा म्हणा. ती कुठं झोपते, अंगानं भरलेली आहे का, माणूस जवळ आलं की शेपूट हलवते की कोपऱ्यात सरकते, ते बघा. हे तिचं कितवं वेत, तेही विचारा. आई दाखवायला कुणी टाळाटाळ केली, तर पिल्लू कितीही गोड असलं तरी रिकाम्या हातानं परत या.