सामान आलं, मांडणी राहिली

'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट' खेळणाऱ्यांना सर्व्हर बदलणं म्हणजे काय ते सांगायला नको. बाकीच्या मंडळींसाठी एवढंच, की हे चक्क घर बदलणं आहे. २५ डॉलर भरायचे आणि तुमचं कॅरेक्टर आपली शस्त्रं, चिलखत, घोडे घेऊन दुसऱ्या सर्व्हरवर राहायला जातं.

२०१८ मध्ये मी फ्रॉस्टमोर्नवरून प्राउडमूरला गेले. कारण एकच, दादा. तो सिअॅटलला, मी कोथरूडला. त्याची शुक्रवारची रात्र म्हणजे माझी शनिवारची सकाळ. त्याच्या गिल्डमध्ये यायचं तर तेव्हा त्याच्याच सर्व्हरवर असावं लागायचं. (ही अट २०२३ मध्ये गेली. आमचे २५ डॉलर त्याआधीच गेले होते!)

लॉग-इन केलं, तर कॅरेक्टर ठणठणीत, पण स्क्रीन अनोळखी. अॅडऑन सगळे हजर, माझी मांडणी गायब.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं? पुन्हा लावायची! पण ती मांडणी मी लावलेलीच नव्हती. २०१६ मध्ये रस्त्यावर सांडलेल्या तेलावर स्कूटर घसरली आणि माझ्या उजव्या मनगटात प्लेट बसली. ऑफिसचं टायपिंग कसंबसं व्हायचं, गेम तर विसराच. तेव्हा दादा तीन आठवडे घरी आला होता. रोज जेवणं झाली की शेजारी खुर्ची ओढून बसायचा. 'ग्रिड टू'मध्ये रेडमधल्या सगळ्यांचे चौकोन मोठे करून डाव्या कोपऱ्यात आणले. 'क्लीक'मध्ये हीलिंगचे सगळे मंत्र माउसच्या बटणांवर आणि चाकावर बसवले. माउस डाव्या हातात, कीबोर्डला जवळजवळ सुट्टी. मनगट बरं झालं, माउस डावीकडेच राहिला.

"दादा, सगळं गेलं रे!"

"अगं, जातंय कुठे? आधी गेम बंद कर बघू."

फंडा असा. कॅरेक्टर कंपनीच्या सर्व्हरवर असतं, पण अॅडऑनची सेटिंग्ज आपल्याच कॉम्प्युटरवर. गेमच्या फोल्डरमध्ये 'डब्ल्यूटीएफ' नावाचं फोल्डर असतं (हसू नका, खरंच हेच नाव आहे). त्यात 'अकाउंट', त्यात तुमच्या अकाउंटचं नाव, मग सर्व्हरचं, मग कॅरेक्टरचं. सर्व्हर बदलला की हा पत्ताच बदलतो. अॅडऑन नव्या पत्त्यावर डोकावतो, तिथे शुकशुकाट, म्हणून तो तुम्हाला नवखं समजतो. जुन्या फाइल जुन्या घरी जशाच्या तशा. तिथलं 'सेव्हड् व्हेरिएबल्स' उचलून नव्या सर्व्हरच्या कॅरेक्टर-फोल्डरमध्ये ठेवायचं. आधी सगळ्या 'डब्ल्यूटीएफ'ची एक कॉपी बाजूला काढून. आणि गेम बंदच हवा, कारण बाहेर पडताना तो या फाइल नव्याने लिहितो. चालू असताना कॉपी केलं, तर जाता जाता त्यावर कोरी पाटी फिरवून मोकळा!

ग्रिड, क्लीक, बारटेंडरसारख्यांना तर तेवढंही लागत नाही. त्यांच्या प्रोफाइल अख्ख्या अकाउंटच्या फाइलमध्ये असतात. फक्त कुठल्या कॅरेक्टरला कुठली, ही जोडी नाव आणि सर्व्हर मिळून ठरते. सर्व्हर बदलला की जोडी तुटते. ऑप्शन्समध्ये 'प्रोफाइल्स' उघडा, यादीतून जुनी निवडा, झालं.

मी यादी उघडली. दोन वर्षं सेटिंग वापरत होते, पण या पानावर कधी आलेच नव्हते. दादाने प्रोफाइलला दिलेलं नाव तिथे पहिल्यांदा वाचलं: 'चिऊ डावखुरी'.

"सापडलं का गं?" हेडफोनमध्ये तो विचारत होता. "चल लवकर, २० जण खोळंबलेत."