जांभळा

माणसांप्रमाणे रंगांनाही बरेवाईट दिवस येतात. भगव्याला वैराग्य मिळाले, हिरव्याला चुडा मिळाला. जांभळ्याच्या वाट्याला आपल्याकडे आले ते झाडावरचे एक फळ. त्यावरूनच त्याला नाव पडले. दादरला लुगडी निवडताना आमच्या आयाबाया त्याला वांगी म्हणत, अंजिरी म्हणत. तीही नावे मंडईतलीच.

चीनमध्ये मात्र या रंगाचा केवढा थाट! पेकिंगच्या निषिद्ध नगरीच्या चिनी नावात 'जांभळा' हा शब्द आहे. १४२० साली पुऱ्या झालेल्या त्या राजवाड्याच्या भिंती लाल आणि कौले पिवळी. पण ध्रुवाभोवतीच्या तारकामंडळाला ते लोक जांभळे म्हणत, आणि बादशहा म्हणजे पृथ्वीवरचा ध्रुव! कन्फ्यूशियसला मात्र हा रंग खपत नसे. हिंगुळासारखा लाल तो अस्सल. या मिसळीच्या रंगाने त्याची जागा बळकवावी, याची त्याला चीड होती.

हान फेइ याने एक गंमत लिहून ठेवली आहे. ह्वान नावाच्या राजाला जांभळ्याचे वेड लागले. मग प्रजाही तेच नेसू लागली. पाच साधी वस्त्रे देऊनही एक जांभळे मिळेना! प्रधानाने सुचविले, "महाराज, जांभळ्याचा वास सहन होत नाही, एवढेच म्हणा." राजा तसे म्हणाला, आणि तीन दिवसांत तो रंग राज्यातून नाहीसा झाला.

तो वास मी ओळखतो. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत रंगखात्यात होते. १८५६ साली पर्किन नावाच्या अठरा वर्षांच्या इंग्रज पोराने हिवतापाचे औषध शोधता शोधता डांबरातल्या द्रव्यापासून जांभळा रंग काढला, आणि राजेलोकांची मिरास गिरणीत आली. वडिलांच्या नखांच्या कडा कायम जांभळ्या असत. सदऱ्याला उग्र दर्प येई. आई तो सदरा वेगळ्या बादलीत भिजवी. पण वासाबद्दल तिने कधी नाक मुरडले नाही.

१८ जानेवारी १९८२ रोजी संप सुरू झाला. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. दोन-तीन महिन्यांत वडिलांची नखे स्वच्छ झाली. शेजारची काकू कौतुकाने म्हणाली, "भाऊंचे हात कसे साहेबासारखे दिसतात!" आई काही बोलली नाही. ती बादली मात्र तिने कितीतरी दिवस दुसऱ्या कशाला वापरू दिली नाही. वडील पुन्हा गिरणीत गेलेच नाहीत.

परळच्या शाळेत मी मुलांना विचारतो, "जांभळा शब्द कशावरून आला?" मुले एका सुरात सांगतात, "जांभळावरून!" उत्तर बरोबर आहे, मी पुरे गुण देतो. चिनी लोक हाच शब्द लिहितात तेव्हा अक्षराच्या खालच्या भागात रेशमाच्या धाग्याची खूण असते. रंग आपोआप पिकत नाही, कुणीतरी तो धाग्याला चढवावा लागतो, हे त्यांच्या अक्षरात आहे. आपल्या शब्दात ते नाही. म्हणून तेवढे मी मुलांना तोंडी सांगतो.